पुरं वाचून दाखव

चौबे कॉलोनी, रायपूर
९ मे २००४

विनूताई,

नमस्कार. कुशल-मंगल नंतर, आधी भांडण. परवा फोन कोणी आपटला? तुम्हीच आपटला. मी इकडे ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली आणि मागे उभी राहून ज्ञानदा हसून राहिली होती. पत्र काही आपटता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर पुरं वाचून मग फाडा.

तर गोष्ट अशी आहे. तुमची ही भाची बारावी झाली, कॉमर्स घेऊन, मार्क चांगले पडले. आम्ही समजलो आता बी.कॉम. करेल, बँकेच्या परीक्षा देईल. तर हिनं जेवता जेवता सांगितलं की मले फिल्मचं शिकायचं आहे. तुमच्या भावाच्या हातातला घास हातातच राहिला. मी विचारलं, “काहून वं, हिरोइन व्हायचं आहे का?” तर म्हणे, “मम्मी, आप कुछ नहीं समझतीं.” मराठी पोट्टीले सगळी समजते, पण उत्तर द्यायचं हिंदीत. हे खूळ कुठून आलं ते मले चांगलं ठाऊक आहे. आपल्या घरात फिल्म लाइनचं माणूस एकच, आणि ते पुण्यात बसून आहे.

आता राजधानी झाल्यापासून रायपुरात गल्लोगल्ली युनिव्हर्सिट्या उघडून राहिल्या. कपड्याच्या दुकानावर युनिव्हर्सिटी, टायरच्या दुकानामागे युनिव्हर्सिटी. त्यातल्या एकीचा रंगीत कागद तुमच्या भावानं आणला. ज्ञानदानं बाहेरगावचे कागद मागवले ते वेगळेच. एकात मास कम्युनिकेशन, एकात फिल्म स्टडीज, एकात व्हिज्युअल कम्युनिकेशन, एकात फिल्म अँड टेलिव्हिजन प्रॉडक्शन. सगळ्यांत फोटो एकच, कॅमेऱ्यामागे एक पोट्टी डोळा बारीक करून उभी. आम्हाले पटलं ते इथलंच, ‘बी.एस्सी. इन सिनेमॅटिक सायन्स’. रिक्षानं जाता येते. आणि उद्या लग्नाचा बायोडाटा करायची वेळ आली तर बी.एस्सी. लिहिता येते. स्थळवाले त्याच्या पुढचं वाचत नाहीत. ‘फिल्म’ वाचलं की फोटो परत येते.

तुम्ही वीस वर्षं तिथे पिक्चरच्या पट्ट्या कापून चिकटवून राहिल्या, कॉलेजात तेच शिकवून राहिल्या. तर या नावांचा अर्थ काय एवढं तरी सांगा. पोट्टीले भडकवू नका, फक्त अर्थ सांगा.

उत्तर जाडजूड येईल हे ठाऊक आहे. आई आधी पाकीट हातात घेऊन दाबून पाहतात, “विनूनं किती लिहिलं,” म्हणतात, मग ज्ञानदा वाचून दाखवते. घरात आलेलं आणि घरातून जाणारं प्रत्येक पत्र आईंसमोर वाचायचं, ही मामंजींच्या वेळची रीत. आईंची नजर गेली आणि फोनवर ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून तर जास्तच. तेवढ्या वेळात मी भांडी आवरून घेते. बाकी आईंचं न्हाणं, औषध, उठवणं-बसवणं माझ्याकडेच आहे. डोळ्याच्या ऑपरेशनले भी तुम्ही आल्या नव्हत्या, ते मी विसरली नाही.

रमा


पुणे
२१ मे २००४

रमा,

पत्र पुरं वाचलं. फाडलं नाही, जपून ठेवलंय. माझी भावजय मला कसं लिहिते हे कोणाला दाखवायची वेळ आली तर असू दे.

पट्ट्या कापून चिकटवण्याला संकलन म्हणतात. तुझ्या लेखी ते शिवणकाम असेल तर तसं. आता अर्थ विचारलास म्हणून सांगते, नीट वाच, पुन्हा सांगणार नाही.

मास कम्युनिकेशन म्हणजे वर्तमानपत्र, रेडिओ, जाहिरात, कंपन्यांची प्रसिद्धी. सिनेमा त्यात असलाच तर ताटातल्या लोणच्याइतका. फिल्म स्टडीज म्हणजे सिनेमा बनवणं नव्हे, दुसऱ्यांनी बनवलेला पाहणं आणि त्यावर लिहिणं. चांगला विषय आहे, पण तिथे जाऊन ‘मला कॅमेरा द्या’ म्हणाली तर हसतील. व्हिज्युअल कम्युनिकेशनमध्ये चित्रं, अक्षरं, जाहिरातींची मांडणी आणि थोडासा कॅमेरा. प्रॉडक्शन म्हटलं तर सगळ्यातलं थोडं थोडं, आणि माणसं, गाड्या, परवानग्या यांची जुळवाजुळव. सिनेमा हातानं करायच्या शाखा वेगळ्या असतात: दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन. ध्वनीला बहुतेक ठिकाणी बारावीला फिजिक्स लागतं, तेव्हा कॉमर्सवालीनं ते सोडून द्यावं. मोठ्या संस्थेत पदवी झाल्याशिवाय घेत नाहीत. आमच्या कॉलेजात बारावीनंतर तीन वर्षांची पदवी आहे, पण फॉर्ममध्येच एक शाखा लिहावी लागते. मुदत जुलैच्या मध्यापर्यंत. हे तू विचारलं नव्हतंस, पण सांगून ठेवते.

राहिलं तुमचं सिनेमॅटिक सायन्स. असलं शास्त्र मी आजवर ऐकलेलं नाही. मुळात नावाला भुलायचंच नाही. एकच नाव एका कॉलेजात हातात कॅमेरा देतं आणि दुसऱ्यात फळ्यावर कॅमेऱ्याचं चित्र काढून दाखवतं. तिथे जा आणि दोन गोष्टी माग. एडिटिंगचं मशीन चालू करून दाखवा म्हणावं, आणि शिकवणाऱ्यानं स्वतः केलेलं काम दाखवा म्हणावं. पोरीच्या शिक्षणाचा निर्णय बायोडाट्यात काय शोभेल यावर घेणारी आई मी तरी दुसरी पाहिली नाही.

आता तुझ्या टोमण्यांविषयी. तू आईचं सगळं करतेस, हे दर पत्रात ऐकवायची गरज नाही. तुझ्यासारखी सून लाखात एक, असं कॉलनीभर सांगणाऱ्या बायकांना तुझी जीभ ठाऊक नाही. मला रायपूरची फार आठवण येते असा समज असेल तर तो काढून टाक. दिवाळीला येते म्हटलं की तुझं तोंड कसं होतं ते मला फोनवरसुद्धा दिसतं. आणि ज्ञानदाला माझ्याकडे पाठव म्हणजे तिचं कल्याण होईल, असं जर माझ्या भावाच्या, शेखरच्या डोक्यात असेल तर आधीच सांगते, माझ्या दोन खोल्यांत मी कोणाला ठेवून घेणार नाही. उद्या ती परत आली नाही तर ‘विनूनं पळवली’ हे तूच आधी म्हणशील.

विनोदिनी


चौबे कॉलोनी, रायपूर
२ जून २००४

विनूताई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस माझ्या डोक्यात घण पडून राहिले होते. अर्थ विचारला होता, अपमान नव्हता मागितला. तो तुम्ही फुकटात पाठवला.

युनिव्हर्सिटीत जाऊन मशीन चालू करून दाखवा म्हणू? आम्ही काय पोलीस आहो? तिथले डायरेक्टर साहेब इतके सभ्य आहेत, तुमच्या भावाले खुर्ची दिली, चहा दिला, “आपकी बिटिया हमारी बिटिया,” म्हणाले. एसी आहे. भिंतीवर मोठ्या कॅमेऱ्याचं पोस्टर आहे. पुढच्या आठवड्यात फॉर्म भरून टाकतो. पोट्टी घरी राहील, माझ्या डोळ्यांसमोर राहील. एक पोट्टी या घरातून पुण्याले गेली आणि मग तिच्या आईचे डोळे गेले तरी आली नाही. दुसरी मी पाठवणार नाही. हे सरळ लिहिलं, याच्यात तुम्हाले अर्थ शोधायची गरज नाही.

आणि एक सांगा. एवढ्या शिव्यांच्या पत्रात आईंना काय गोड लागलं? ज्ञानदानं वाचून दाखवलं आणि आई दोन दिवस खूश. पोळी एक जास्त खाल्ली. “विनू किती मायेनं लिहिते,” म्हणून राहिल्या. मी मनात म्हटलं, वयानं होते असं.

हे पत्र ज्ञानदाजवळ देते. आईंना वाचून दाखवेल, त्यांचा निरोप खाली लिहेल आणि पेटीत टाकेल. मले सिलेंडरवाल्याची वाट पाहायची आहे.

रमा

आजीचा निरोप, जसा सांगितला तसा:
‘विनू, तुझं पत्र ऐकून जीव थंड झाला. रमा माझं सगळं करते, तिच्यासारखी सून लाखात एक, हे तू आपल्या तोंडानं म्हटलं. आता मले काही नको. तुले रायपूरची फार आठवण येते म्हणते, तर येत जा वं. दिवाळीले येते म्हटलं, नक्की ये. आणि ज्ञानदाले तुझ्याकडे पाठव म्हणजे तिचं कल्याण होईल, हे तू लिहिलं ते फार चांगलं केलं. शेखर ऑफिसातून आला की त्याले सांगतेच. रमा भी तुले चांगलंच लिहिते. तिनं लिहिलं की तुझं पत्र वाचून दोन दिवस खूश होती. आई.’


पुणे
११ जून २००४

रमा,

हे पत्र ज्ञानदाच्या हाती देऊ नकोस. दार लावून स्वतः वाच.

तुझ्या पत्राखाली आईचा निरोप आहे, तो तू पाहिलेला दिसत नाहीस. तो मी या पानामागे उतरवून पाठवते आहे. माझं मागचं पत्र काढ आणि शेजारी ठेव.

आधी मला वाटलं आईला भ्रम झाला. मग पुन्हा वाचलं तेव्हा ओळखलं. हे शब्द माझेच आहेत, रमा! ‘लाखात एक’ मी लिहिलंय. ‘रायपूरची फार आठवण येते’ मी लिहिलंय. ‘ज्ञानदाला माझ्याकडे पाठव म्हणजे तिचं कल्याण होईल’, शब्द न् शब्द माझा. फक्त त्यांच्या पुढचं-मागचं गेलं. वाक्य मध्येच तोडलंय, आणि तोडल्याचं ऐकणाऱ्याला कळणार नाही अशा जागी तोडलंय. माझे विद्यार्थी दोन-दोन वर्षं शिकून अशी जागा चुकतात.

म्हणजे तुझी लाडकी माझ्या तोंडून, माझ्याच शब्दांत, मी न बोललेलं बोलवून घेते आहे. तुझंही सोडलं नाही. तू कुठे लिहिलंस की तू खूश होतीस? दोन दिवस तुझ्या डोक्यात घण पडत होते, आणि दोन दिवस खूश होती ती आई. दोन्ही ओळींची टोकं जुळवून टाकली.

मला या प्रकाराचा भयंकर संताप आलाय. आंधळ्या बाईला फसवायचं? आता दिवाळीला मी आले नाही तर वाईट कोण, मी. पोरीला ठेवून घेतलं नाही तर शब्द फिरवला कोणी, मीच. तिला विचार, आणि काय उत्तर देते ते मला कळव. पुण्याचं स्वप्न मात्र तिनं पाहू नये. माझ्या घरी तर नाहीच नाही.

विनोदिनी


चौबे कॉलोनी, रायपूर
१९ जून २००४

विनूताई,

तुमचं पत्र येईपर्यंत इकडे महाभारत होऊन गेलं होतं. आईंनी तुमच्या भावाले सांगून टाकलं की विनूनं पोट्टीले बोलावलं. हे आनंदानं घरभर, “ताईनं बोलावलं, मग प्रश्नच मिटला!” मी म्हटलं, कोणतं पत्र वाचलं तुम्ही लोकांनी? मी तर शिव्याच वाचल्या. यांनी मले म्हटलं, तुले माझी बहीण कधी सरळ दिसलीच नाही. आठ दिवस आम्ही नवरा-बायको बोललो नाही. मग तुमचं पत्र आलं आणि मी ते यांच्यासमोर आपटलं.

पोट्टीले विचारलं. लाजली नाही, रडली नाही. “हाँ, काटा. तो?” म्हणे. मी एक लगावली. अठरा वर्षांत पहिल्यांदा हात उचलला आणि तो भी तुमच्यापायी. कधीपासून म्हटलं, तर ऑपरेशनपासून! म्हणजे दोन वर्षं मी आईंसाठी किती राबून राहिली ते लिहीत होती आणि आईंना त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांना ऐकू गेलं की रमा मजेत आहे. माझी एक तक्रार आईंपर्यंत पोचली नाही! तुमचं तर बरं आहे, तुम्ही गोड झाल्या. माझं काय?

आता दुसरं. यांनी रागानं म्हटलं, पुणं नाही तर नाही, आजच इथे फॉर्म भर. मी पोट्टीले घेऊन त्या युनिव्हर्सिटीत गेली. तिथे बसल्या बसल्या तुमचं बोलणं डोक्यातून जाऊन नाही राहिलं, तर विचारून टाकलं, मशीन चालू करून दाखवा. कॉम्प्युटरवरचं कव्हर काढलं. खाली तार होती, लावायले बोर्डच नव्हता. मग म्हटलं, शिकवणारे कोण? तर ‘कॅमेरा विभाग प्रमुख’ म्हणून फोटो कोणाचा होता सांगू? अभनपुरच्या हिरालालचा! माझ्या बहिणीच्या बंडूच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं त्यानं. घरी येऊन मी त्याले फोन केला तर बिचारा घाबरला. “भाभी, मैं तो वहाँ अपना पुराना कैमरा बेचने गया था. फोटो कब खींच ली, मुझे पता ही नहीं.”

घ्या, तुम्ही बरोबर निघाल्या. पेढे वाटा पुण्यात.

पण माझं भी ऐकून घ्या. आता ही इथे नाही आणि तिथे भी नाही. बी.कॉम. करेल, घरात राहील. जी पोट्टी आजीले खोटं वाचून दाखवते तिले मी परगावी सोडू? यांनी भी मान हलवली. विषय संपला. हे पत्र आईंना वाचून दाखवलं नाही, त्यांना अजून काही सांगितलं भी नाही, हिंमत नाही झाली.

रमा


रायपूर
२१ जून २००४

आत्या,

मी ज्ञानदा. मराठीत लिहून राहिली, कारण तुमचीच पत्रं वाचून वाचून मले मराठी लिहिता यायले लागलं. गलती निघाली तर निघाली.

मम्मीनं तुम्हाले सगळं लिहिलं असेल. आता माझं ऐका. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही लिहिलं होतं, ‘मी येऊन आईचे डोळे परत येणार आहेत का?’ आजीच्या डोळ्यांवर पट्टी होती. ती उशीले टेकून बसली होती, म्हणे, वाच. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य मले वाचताच नाही आलं. सोडून पुढचं वाचलं. आजी म्हणाली, विनूले काम असेल. बस. तिथून सुरू झालं. मग मम्मीच्या पत्रातलं भी. तुम्ही दोघी एकमेकींना जे लिहिता ते मोठ्यानं वाचून पाहा एकदा. दोन वर्षं ते माझ्या तोंडात येऊन राहिलं आहे.

आणि हे सोपं नाही आत्या. नुसतं सोडलं तर मध्ये गड्डा पडते, आजी लगेच म्हणते, “काय म्हटलं?” तर आवाज कुठे खाली आणायचा, कुठे श्वास घ्यायचा, ते पाहावं लागते. मी वाचताना अर्धं लक्ष आजीच्या चेहऱ्याकडे ठेवते. एक शब्द जास्त गेला की तो बदलते. त्याच्या आधी थांबायचं.

‘पाठव’वालं मी माझ्यासाठी केलं. आजीसाठी नाही. त्याची माफी नाही मागत मी. तुम्ही दोघींनी माझ्या कॉलेजवर इतकी पानं भरली, ही शाखा, ती शाखा, बायोडाटा, दोन खोल्या. मले काय जमते हे एका ओळीत भी कोणी विचारलं नाही. तर मी भी विचारलं नाही.

बंडूदादाच्या लग्नाची कॅसेट सगळ्यांना आवडली ना? हिरालाल भैयानं तीन कॅसेटी भरल्या होत्या. मी त्याच्या इथल्या दुकानात दोन व्हीसीआर जोडून बसली आणि कापून तिन्हींची एक केली. मम्मीले वाटते मी ट्यूशनले जात होती.

तुमच्या कॉलेजचा फॉर्म मी भरून ठेवला आहे. डायरेक्शन लिहिलं, कारण सगळ्यात वर तेच होतं आणि लोकांना तेवढंच समजते. पाठवायची परवानगी नाही. तुम्ही भी नाहीच म्हणाल. तरी लिहिलं, म्हणजे नंतर कोणी म्हणायले नको की सांगितलं नव्हतं.

ज्ञानदा


पुणे
२८ जून २००४

ज्ञानदा,

तुझं पत्र उद्धट आहे. ते असो, मीही तुझ्या वयात गोड नव्हते.

डायरेक्शन खोड. सगळ्यात वर आहे म्हणून शाखा निवडणारी आणि बायोडाट्यात बरी दिसते म्हणून निवडणारी, दोघींत मला फरक दिसत नाही. मम्मीचीच लेक आहेस. तिथे ‘संकलन’ लिही. दोन वर्षं तू दुसरं काही करतच नव्हतीस. समोरच्याचा चेहरा पाहून थांबणं मी वर्गात तीन वर्षं घसा फोडून शिकवते आणि निम्म्यांना जमत नाही. तुला कोणी सांगितलं नव्हतं. याचा मला आनंद झाला असं समजू नकोस, मला हेवा वाटला.

आता दुसरं. आजीसाठी जे गाळलंस त्याबद्दल मी तुला बोलणार नाही. ते आम्ही लिहायलाच नको होतं. पण ‘पाठव’ ही लबाडी होती. कात्री तीच आणि शब्दही माझेच, ऐकणारीला फरक कळणार नाही, म्हणून तो कापणारीला कळला पाहिजे. माझ्या वर्गात असलं काही दिसलं तर भाची म्हणून गय करणार नाही, उठवून बाहेर घालवीन.

आजीच्या नावाचं पाकीट आजच वेगळं टाकलंय. मम्मीला शेजारी बसव आणि वाच. पुरं वाच. त्यातली एक वेलांटी जरी गाळलीस तर मला दिवाळीत कळेलच.

आत्या


पुणे
२८ जून २००४

आई,

ज्ञानदाला माझ्याकडे पाठव. जागा थोडी आहे, आमची भांडणं होतील, पण पाठव. दिवाळीला तिला घेऊन मी येते. ऑपरेशनला मी यायला हवं होतं आणि आले नाही. रमाची जीभ मला सहन होत नाही, पुढेही होणार नाही. पण ती तुझं सगळं करते, हे खरं आहे.

विनू


चौबे कॉलोनी, रायपूर
६ जुलै २००४

विनूताई,

तुमचं आईंच्या नावाचं पाकीट आलं. या वेळी मी भांडी तशीच टाकून समोर बसली. हे भी बसले, ऑफिसचा शर्ट न काढता.

आईंनी नेहमीसारखं पाकीट हातात घेतलं, दाबलं. “आज एकच कागद?” म्हणाल्या. ज्ञानदानं वाचलं. ‘रमाची जीभ’पाशी आली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाच, थांबू नको. तिनं वाचलं.

आई म्हणाल्या, “झालं?”

“हव आजी, झालं.”

“आज पयलांदा पुरं वाचलं तू.”

यांनी विचारलं, “म्हणजे काय आई?” तर आई हसायले लागल्या. म्हणे, “विनू चार-चार कागद भरून पाठवायची. मी आपल्या हातानं मोजायची. आणि ही पोट्टी माझा चहा थंड व्हायच्या आत वाचून मोकळी. डोळे गेले रे माझे, बोटं तर नाही गेली. मले वाटलं, दोघी भांडत असतील. लेकरू एवढी मेहनत करून राहिलं तर करू द्या.”

मले राग आवरला नाही. मी म्हटलं, “आई, मग विनूताईंनी ज्ञानदाले बोलावलं नव्हतं, हे भी तुम्हाले ठाऊक होतं?”

“हव. विनू असं सरळ लिहिते का कधी? म्हणूनच तर निरोप सांगितला त्याच दिवशी शेखरले सांगून टाकलं. एकदा घरभर झालं की तिले बोलवाच लागन.”

घ्या! तुम्ही संकलन शिकवता, पोट्टी करते, आणि आम्हा सगळ्यांना धरून आईंनी पिक्चर काढला. या घरात आलेलं प्रत्येक पत्र पुरं वाचणारी मूर्ख मी एकटीच होती.

फॉर्म काल रजिस्टर्ड पोस्टानं गेला, संकलन लिहून. तुमच्या भावानं सही केली, मी स्टॅम्प चिकटवले. यादीत नाव लागलं तर आझाद हिंद एक्सप्रेसनं पाठवते, स्टेशनवर तुम्ही स्वतः या, कोणाले पाठवू नका. तिले दही चालत नाही. झोपेत बडबडते, दचकू नका. तिले तुमच्यासारखी करू नका म्हणणार होती, पण आता काय फायदा, आधीच झाली आहे. दिवाळीले दोघी आल्या नाही तर मी पुण्याले येऊन तमाशा करीन, हे खरं समजा. रात्री कपाटातून तिचे कपडे काढून पाहिले तर अर्धे लहान झालेले. मले रडू आलं, तुम्हाले सांगून काय उपयोग.

आणि आता एक लक्षात ठेवा. पोट्टी गेल्यावर तुमची पत्रं आईंना मीच वाचून दाखवणार आहे. मले गाळता येत नाही, शिकायचं भी नाही. मी आईंना विचारलं, शिव्या असल्या तर काय करू? आई म्हणाल्या, “पुरं वाचून दाखव. चहा पुन्हा गरम करता येते.”

रमा